आळ आणि कैवारी

मराठी शिकवणाऱ्यांना शब्दांकडे गरजेपेक्षा जास्त निरखून पाहण्याची खोड असते. आम्हां दोघांनाही ती आहे. आम्ही पती-पत्नी, दोघेही मराठीचेच अध्यापक, दोन वेगळ्या महाविद्यालयांत. काही वर्षांपूर्वी आमच्यावर एक बालंट आले, तेव्हाही पहिल्या दोन-चार दिवसांच्या सुन्नपणात आम्ही काय केले असेल, तर शब्द चाळत बसलो. आळ येतो, किटाळ येते, आवई उठते, कंडी पिकते, बोभाटा होतो. या वाक्यांत करणारा माणूस कुठेच नाही. आळ जणू वळवाच्या पावसासारखा आपोआप येतो. आवई वाऱ्यावरच्या धुरळ्यासारखी उठते. ‘आळ घेणे’ असा प्रयोगही आपल्याकडे आहे, नाही असे नाही. परंतु ज्याच्यावर तो घेतला जातो त्याच्या वाट्याला बहुधा ‘येणे’च येते, ‘घेणारा’ दिसत नाही.

शेजारच्या आजींनी या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावला होता. “चवथीला चंद्र बघितलासा काय ओ?” त्यांनी अगदी मनापासून विचारले. गणेश चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, प्रत्यक्ष श्रीकृष्णालाही स्यमंतक मण्याचा आळ चुकला नाही, तेथे तुमची-आमची काय कथा, असे त्यांचे म्हणणे. आम्ही ख्रिस्ती आहोत हे त्यांना ठाऊक होते. पण चंद्र काही धर्म विचारून दिसत नाही, हेही त्यांना ठाऊक होते. त्या सहानुभूतीने आम्हांला बरे वाटले. पुढे त्या कथेतली एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा आठवत राहिली. मण्याच्या कथेतला कृष्ण स्वस्थ बसत नाही. तो माग काढीत जांबवंताच्या गुहेपर्यंत जातो, मणी परत आणतो आणि भर सभेत ज्याचा त्याला देतो. आम्ही तसे काही केले नाही. आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याविषयीच हे लिहीत आहोत.

घडले ते असे. भुदरगड तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी शहरात नातेवाइकांकडे राहून शिकत होती. डिसेंबरात ती राहण्याची सोय मोडली. परीक्षा मार्चमध्ये. वसतिगृहात त्या वेळी जागा मिळणे शक्य नव्हते. मुलगी हुशार, घरची कोरडवाहू शेती. तिच्या वडिलांशी बोलून आम्ही तिला परीक्षेपर्यंत आमच्याकडे ठेवून घेतले. फेब्रुवारीत महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाकडे एक निनावी पत्र आले आणि त्याचीच प्रत तिच्या गावीही पोहोचली. हे ख्रिस्ती जोडपे गरीब घरच्या मुली शिक्षणाच्या आमिषाने घरात ठेवते, त्यांच्याकडून प्रार्थना करून घेते आणि त्यांना बाटवते, असा त्याचा मथितार्थ. पुरावेही दिले होते. नाताळात ती आमच्याबरोबर चर्चमध्ये दिसली होती. तिच्याजवळ चर्चच्या वाचनालयाचा शिक्का असलेले पुस्तक होते.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नाताळच्या गायनाच्या कार्यक्रमाला ती हौसेने आली होती. आणि शिक्क्याचे पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आमची घरची प्रत कोणीतरी नेऊन परत न केल्यामुळे आम्ही तिला वाचनालयाची आणून दिली होती.

दोनच दिवसांत तिचे वडील एस.टी.ने आले. उंबऱ्यातच उभे राहिले. “मॅडम, तुमच्यावर माझा इस्वास हाय. पण गावाच्या तोंडाला हात कोण लावणार?” ते म्हणाले. मुलगी पिशवी भरून त्यांच्या मागोमाग गेली. त्या वर्षी ती परीक्षेला बसली नाही.

आम्ही काहीच बोललो नाही. वडिलांना थोपवले नाही, व्यवस्थापनाला खुलासा लिहिला नाही, गावी गेलो नाही. आणि या मौनाला आमच्याजवळ भक्कम शास्त्राधार होता. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने निंदा आणि खोटे आरोप सोसणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. हेरोदाच्या प्रश्नांना त्याने उत्तर दिले नाही. आरोप करणाऱ्या याजकांपुढे तो असा गप्प राहिला की पिलातालाही नवल वाटले. निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही, याची आठवण पेत्राने आपल्या पत्रात करून दिली आहे. रविवारच्या उपासनेत हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शिवाय मौनाला एक प्रतिष्ठा असते, हे कबूल करायला हवे. गप्प बसलेला माणूस स्वतःच्याच नजरेत मोठा होत जातो.

पुढे केव्हातरी योहानाचे शुभवर्तमान वाचताना अठराव्या अध्यायात आम्ही अडखळलो. अटकेनंतर येशूला हन्नापुढे उभे केले आहे आणि एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. तेथे तो गप्प राहत नाही. माझे बोलणे वाईट असेल तर ते कसे वाईट ते सांग, बरोबर असेल तर मला का मारतोस, अशा अर्थाचा सरळ सवाल तो करतो. त्यात शिवी नाही, शाप नाही. पण पुराव्याची मागणी आहे. पौल तर त्याच्याही पुढे जातो. फिलिप्पै शहरात त्याला चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सुटकेचा निरोप धाडला, तेव्हा तो जायला तयार होईना. उघड मारलेत, आता स्वतः येऊन बाहेर काढा, असा त्याचा आग्रह. त्याच शहरात नुकती जमलेली एक लहानशी मंडळी मागे राहणार होती. तिच्यावर गुन्हेगाराच्या अनुयायांचा शिक्का बसू नये, हाही विचार त्या आग्रहामागे असावा, असे आम्हांला वाटते. मौन आणि सवाल, दोन्ही शास्त्रात आहेत. आम्ही त्यांतले सोयीचे तेवढे उचलले होते.

कोल्हापुरात राहणाऱ्याला आळ या विषयावर दूरचे दाखले शोधावे लागत नाहीत. १८८२ सालचा कोल्हापूर खटला आम्ही आगरकरांच्या निमित्ताने वर्गात अनेकदा सांगितला आहे. चौथे शिवाजी महाराज तेव्हा कोल्हापूरच्या गादीवर होते. तरुण महाराजांचा छळ होत असल्याची बोलवा होती, आणि त्यामागे कारभारी रावबहादूर महादेव वासुदेव बर्वे असल्याचे ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी छापले. आधार होता काही पत्रांचा. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि ती पत्रे बनावट ठरली. टिळक आणि आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. तरी १७ जुलै १८८२ रोजी दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. सूट मिळून २६ ऑक्टोबरला ते सुटले. आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक त्यातूनच आले.

हा प्रसंग आम्ही वर्षानुवर्षे दोन तरुण संपादकांच्या त्यागाची कथा म्हणून शिकवला. ती तशी आहेही. महाराजांविषयीची त्यांची तळमळ खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, २५ डिसेंबर १८८३ रोजी, अहमदनगरच्या किल्ल्यात महाराजांचा जो अंत झाला त्याने ती तळमळ अधिकच खरी ठरवली. पण आमच्यावर आळ आल्यानंतरच्या वर्षी हा पाठ घेताना आम्ही प्रथमच बर्वे यांच्या बाजूने विचार केला. कळकळ खरी म्हणून कागद खरा होत नाही. आणि निकाल बाजूने लागूनही त्या माणसाचे नाव लोकांना आज आठवते ते केवळ त्या खटल्यापुरते.

याच संदर्भात गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. कागल आणि कोल्हापूर येथे त्यांचे शिक्षण झालेले, म्हणून आम्हां कोल्हापूरकरांना ते थोडे घरचे वाटतात. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना इंग्लंडमध्ये असताना पत्रांतून कळल्या आणि त्यांनी त्या तिथल्या वृत्तपत्रात जाहीर केल्या. परत आल्यावर पुरावा देण्यास कोणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यांची छी-थू झाली. भित्रेपणाचा शिक्का अनेक वर्षे पुसला गेला नाही. बातम्या सर्वस्वी खोट्या होत्या असे त्यावरून ठरत नाही. मात्र जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोललो, एवढे त्यांनी स्वतःच्या नावानिशी कबूल केले. गोखले ख्रिस्ती नव्हते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याविषयीची जी नववी आज्ञा आम्ही पाठ म्हणतो, तिचा अर्थ मात्र त्यांनी आमच्याहून अधिक जाणला होता.

‘आमच्याहून’ असे का म्हटले, ते पुढे सांगतो. त्याआधी पंडिता रमाबाईंकडे वळणे भाग आहे. कारण मराठी ख्रिस्ती माणसावर आळ येतो तेव्हा त्याला रमाबाई आठवल्यावाचून राहत नाहीत.

रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. विधवांसाठी शाळा आणि निवारा. अमेरिकेतल्या बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशनचा पैसा. आणि हमी अशी की तेथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींचे सोवळेओवळे, देवधर्म त्यांच्या मनाप्रमाणे राहील. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई स्वतः १८८३ सालीच इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या आणि त्यांनी ते लपवले नव्हते. त्या आपल्या खोलीत, मुलगी मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. ज्या मुलींना यावेसे वाटे त्या येऊन बसत. त्यांना बोलावले जात नसे, आणि घालवूनही दिले जात नसे.

त्या उघड्या दारावरून वाद पेटला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. गंमत अशी की ज्या ख्रिस्ती मंडळींचा रमाबाईंना आधार असायला हवा, त्यांतल्याही काहींना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या. धर्म न शिकवणारी ही कसली ख्रिस्ती बाई, असा त्यांचा आक्षेप. दोन्हीकडून बोट एकाच दाराकडे. बॉस्टनहून असोसिएशनच्या ज्युडिथ अँड्र्यूज स्वतः येऊन सदन पाहून गेल्या. रमाबाईंनी दार लावले नाही. ते लावले असते तर आत काय चालते याची नवी कंडी पिकली असती, हे एक. आणि लपवण्यासारखे काही नाही हे सांगण्याचा तोच त्यांचा मार्ग होता, हे दुसरे.

पूर्वी आम्ही ही हकिगत निव्वळ निर्दोष स्त्रीवरच्या खोट्या आळाची म्हणून सांगत असू. आता तशी सांगवत नाही. नोव्हेंबर १८९५ मध्ये सदनातल्या बारा मुलींचा बाप्तिस्मा झाला. जबरदस्तीचा आरोप खोटा होता, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु ज्या पालकांनी एका हमीवर मुली पाठवल्या त्यांची अस्वस्थता खोटी नव्हती. ज्या स्त्रीने तुम्हांला छप्पर दिले, अक्षर दिले, तिच्या खोलीचे उघडे दार हे कोणत्याही इतर उघड्या दारासारखे नसते. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी ज्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला, त्या धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी वेगळा आश्रम काढला. हिंदू पालकांचा गमावलेला विश्वास नव्याने मिळवण्याची गरज त्यामागे होती.

हे वाचताना आमचेच जेवणाचे टेबल डोळ्यांपुढे आले. जेवणाआधी आम्ही डोळे मिटून उपकार मानतो. ती मुलगीही थांबत असे. आम्ही तिला कधी थांबायला सांगितले नव्हते. पण आम्ही डोळे मिटलेले असताना तिने घास उचलला असता काय? निनावी पत्रातला आरोप खोटा होता. तरी त्यात एक प्रश्न दडलेला होता, आणि तो खोटा नव्हता. आपल्यावरच्या आळातला शेरभर खोटेपणा पाखडून मागे राहिलेला चिमूटभर दाणा ओळखणे, हे ख्रिस्ती माणसाचे पहिले काम असावे, असे आता वाटते. आत्मपरीक्षण आपण पवित्र भोजनापूर्वी करतो; आळ आल्यावर करायचे राहून जाते.

रमाबाईंचीच आणखी एक गोष्ट. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांची एक मुलगी सरकारी इस्पितळात नेली गेली आणि तेथून तिचे भलतेच झाले. रमाबाईंनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी त्यांचे म्हणणे दिशाभूल करणारे ठरवले. बाई मागे हटल्या नाहीत. स्वतःच्या धर्मांतरावरून पुण्यात वर्षानुवर्षे काय काय बोलले गेले, ते त्यांनी पुष्कळसे सोसले. मुलीवर बेतले तेव्हा सरकारशी भांडल्या. आमच्या चुकीचे मोजमाप आम्हांला येथे मिळाले. आळ आमच्यावर होता, परंतु वर्ष त्या मुलीचे गेले. स्वतःच्या अब्रूविषयी मौन बाळगणे ही नम्रता असू शकते. दुसऱ्याचे नुकसान होत असताना बाळगलेले मौन म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने केलेली नम्रता.

आता ‘आमच्याहून’चा खुलासा. आम्ही गप्प बसलो असे वर म्हटले, ते पूर्ण खरे नाही. जाहीरपणे गप्प होतो. खाजगीत आम्ही निनावी पत्राचा लेखक शोधत होतो आणि तो आम्हांला सापडलाही होता. वेळापत्रकावरून आमच्यातील एकाशी खटके उडालेले एक सहकारी. पुरावा काही नाही. पत्रातली दोन वळणे त्यांच्या बोलण्यासारखी वाटली, इतकेच. भाषेच्या प्राध्यापकांना असला शैलीविचार करण्याची फार खुमखुमी. आम्ही ते तिघांना सांगितले. नाव न घेता, अर्धे वाक्य सोडून देऊन, “असो” म्हणून. आळ घेण्याची ही सुशिक्षित पद्धत आहे.

जून महिन्यात आम्ही अखेर मुलीच्या गावी गेलो. तिच्या वडिलांपुढे, चार शेजाऱ्यांसमोर, काय घडले आणि काय घडले नाही ते सांगितले. चर्चमधला नाताळ सांगितला, शिक्क्याचे पुस्तक सांगितले, जेवणाआधीची प्रार्थनाही सांगितली. पंधरा मिनिटांचे काम. लोकांनी ऐकून घेतले. एकाने विचारले, “मग त्याच वेळी का आला न्हाईसा?” पत्र कोणी लिहिले ते तेथेच कळले, तिचे शिक्षण थांबावे असे वाटणारा तो तिच्याच भावकीतला एक होता. निघताना मुलगी फाटकापर्यंत आली. “तुम्ही काहीच का बोलला नाहीत, मॅडम? मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं,” एवढेच म्हणाली.

आणि त्या सहकाऱ्यांविषयी काही दिवसांनी प्राचार्यांकडून कळले. पत्र व्यवस्थापनाच्या बैठकीपुढे आले तेव्हा, ज्यावर सही नाही ते पत्र वाचूसुद्धा नये, असे ठामपणे सांगणारे तेच होते. ते ख्रिस्ती नाहीत. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने ख्रिस्ती लोकांविरुद्ध आलेल्या निनावी याद्यांचे काय करावे असे रोमच्या बादशहाला विचारले होते. ख्रिस्ती लोकांना शिक्षा करणारा तो बादशहा त्राजानही, निनावी आरोप विचारात घेऊ नयेत असेच कळवतो. हे आम्हांला पुस्तकातून ठाऊक होते. आमच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाने ते आमच्यासाठी केले आणि आम्ही त्याच्याच नावाने कुजबुजत होतो.

मराठी पवित्र शास्त्रात पवित्र आत्म्यासाठी ‘कैवारी’ असा शब्द योजला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जवळ उभा राहून बाजू मांडणारा. सैतानासाठी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ चहाडी करणारा, आळ घेणारा. म्हणजे आळाच्या प्रसंगी माणसाला दोनच जागा मोकळ्या असतात असे शास्त्र जणू सुचवते, आणि तिसरी, कोपऱ्यातली, गप्प बसण्याची जागा वाटते तितकी रिकामी नसते. जोतीराव फुल्यांचे मोठेपण आम्हांला या शब्दाच्या उजेडात नव्याने दिसले. ज्या टिळक-आगरकरांशी त्यांचे अनेक बाबतींत जुळत नव्हते, त्यांच्यासाठी १८८२ साली त्यांनी आपल्या स्नेह्याकरवी जामिनाची तजवीज केली. आणि रमाबाईंच्या धर्मांतरावर उठलेल्या गदारोळात १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून त्यांची बाजू मांडली. ते स्वतः ना त्या पक्षातले, ना त्या धर्मातले.

आम्ही सहकाऱ्यांच्या घरी गेलो. काय बोललो होतो, कोणाजवळ बोललो होतो, ते सांगून क्षमा मागितली. “माझ्या कानावर आलं होतं,” ते म्हणाले, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वहिनींनी चहा आणला. पूर्वीसारखे सगळे लगेच झाले असे नाही. त्यानंतर ज्या तिघांजवळ आम्ही अर्धी वाक्ये सोडली होती त्यांच्याकडे जाऊन ती पुरी करून खोडली. त्यांतल्या एकाने ते आणखी दोघांना सांगितले होते. त्या दोघांकडेही गेलो. त्यांनी पुढे कोणाला सांगितले ते त्यांना नीट आठवत नव्हते.

मुलगी पुढच्या वर्षी परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. गावातूनच जाऊन-येऊन तिने अभ्यास केला. निकालाच्या दिवशी ती वडिलांसह घरी आली, जेवायला थांबली. आम्ही ताटावर बसलो आणि सवयीने डोळे मिटणार, तोच तिच्याकडे पाहून म्हणालो, “तू सुरू कर ग.”

तिने हसून भाकरी मोडली. मग आम्ही डोळे मिटले.